खुर्ची आणि वाट : साथीच्या काळात फुटबॉल प्रेक्षकांचे मैदानात परतणे

कोविड-१९च्या साथीत युरोपातील फुटबॉलची मैदाने मार्च २०२०मध्ये अवघ्या काही दिवसांत रिकामी झाली. ती पुन्हा पूर्ण भरायला दीड ते दोन वर्षे लागली. हे परतणे एका आदेशाने झाले नाही. कुठे दर चौथी खुर्ची, कुठे दोन हजार माणसे, कुठे निम्मे स्टेडियम आणि मग पुन्हा कुलूप, असे हेलकावे खात ते झाले. या काळात सरकारांनी आणि क्लबांनी मुख्यतः खुर्च्यांमधले अंतर मोजले. साथीच्या नोंदी पाहिल्या तर दिसते ते असे, की उघड्या आकाशाखालच्या खुर्चीपेक्षा तिच्यापर्यंत नेणारी वाट जास्त धोक्याची होती.

याचे पहिले उदाहरण मैदाने बंद होण्याआधीचे आहे. १९ फेब्रुवारी २०२० रोजी मिलानच्या सान सिरो स्टेडियममध्ये अटलांटा आणि व्हॅलेन्सिया यांच्यात चॅम्पियन्स लीगचा सामना झाला. अटलांटा हा बेर्गामोचा क्लब. त्याचे स्वतःचे मैदान युरोपीय संघटनेच्या निकषांत बसत नसल्याने सामना सुमारे ५० किलोमीटरवरच्या मिलानला ठेवला होता. सव्वा लाखाच्या आतबाहेर वस्ती असलेल्या बेर्गामोतून आणि आसपासच्या गावांतून हजारो लोक बसगाड्या, मोटारी आणि रेल्वेने निघाले. स्टेडियमात सुमारे ४४ हजार माणसे होती. अटलांटाने ४-१ असा विजय मिळवला, गळाभेटी झाल्या, रात्री उशिरापर्यंत परतीचा प्रवास चालला. इटलीतील स्थानिक संसर्गाचा पहिला रुग्ण सापडला तो यानंतर जेमतेम दोन दिवसांनी. पुढच्या महिन्यात बेर्गामो हे साथीचे युरोपातील सर्वांत भयंकर केंद्र झाले, आणि तिथल्या एका फुप्फुसविकारतज्ज्ञाने या सामन्याला जैविक बॉम्ब म्हटले. साथीचे सगळे खापर एका सामन्यावर फोडणे बरोबर नाही. विषाणू लोम्बार्डीत आधीच पसरू लागला होता. पण त्या रात्री एक अख्खा जिल्हा एकाच वेळी गाडीत बसला होता, हेही खरे. व्हॅलेन्सिया क्लबने महिन्याभरात जाहीर केले, की त्यांच्या खेळाडू आणि कर्मचाऱ्यांपैकी सुमारे ३५ टक्के बाधित आहेत.

दुसरे उदाहरण लिव्हरपूलचे. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला जागतिक महासाथ ठरवले आणि त्याच संध्याकाळी ॲनफिल्डवर लिव्हरपूल आणि ॲटलेटिको माद्रिद ५२ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर खेळले. माद्रिदमधल्या शाळा त्या दिवशी बंद झाल्या होत्या. स्पेनमधले सामने प्रेक्षकांविना खेळवायचे ठरले होते. म्हणजे ज्या माणसाला स्वतःच्या शहरात सामना पाहायला बंदी, तो विमानाने लिव्हरपूलला येऊन, पबमध्ये बसून, मग आपल्या संघाचा सामना पाहू शकत होता. असे सुमारे ३ हजार जण आले. दुसऱ्या दिवशी आर्सेनलचे प्रशिक्षक मिकेल आर्टेटा बाधित असल्याचे कळले आणि १३ तारखेला प्रीमियर लीग थांबली.

खेळ परतला तो प्रेक्षकांना घराबाहेर न काढता. मोठ्या लीगमध्ये जर्मनीची बुंडेसलिगा पहिली. १६ मे २०२० रोजी डॉर्टमुंडने शाल्केला ४-० असे हरवले. ८१ हजारांच्या त्या स्टेडियमात खेळाडू, पंच, वैद्यकीय कर्मचारी, तंत्रज्ञ मिळून सुमारे ३०० माणसांना प्रवेश होता. एरवी जिथे जवळजवळ २५ हजार लोक उभ्याने सामना पाहतात, त्या रिकाम्या दक्षिण स्टँडसमोर जाऊन डॉर्टमुंडच्या खेळाडूंनी नेहमीप्रमाणे अभिवादन केले. जूनमध्ये स्पेन, इंग्लंड आणि इटलीतल्या स्पर्धा सुरू झाल्या. फ्रान्सने हंगाम एप्रिलमध्येच गुंडाळला होता. प्रक्षेपणात संगणकीय खेळांसाठी ध्वनिमुद्रित केलेला गर्दीचा आवाज मिसळला गेला. म्योन्शनग्लाडबाखच्या चाहत्यांनी प्रत्येकी १९ युरो देऊन स्वतःचे पुठ्ठ्याचे पुतळे खुर्च्यांवर बसवले. सोलमध्ये एका क्लबने कपड्यांच्या दुकानातले पुतळे समजून भलत्याच कामाच्या बाहुल्या मांडल्या आणि लीगने त्याला १० कोटी वॉनचा दंड केला.

रिकाम्या मैदानांनी संशोधकांना एक दुर्मीळ प्रयोग आयता दिला. यजमान संघ जास्त जिंकतो, हे सर्वांना ठाऊक होते. ते गर्दीमुळे, प्रवासाच्या शिणामुळे, की मैदानाच्या सवयीमुळे, हे वेगळे काढता येत नव्हते. आता गर्दी तेवढी वजा झाली होती, बाकी सगळे तसेच. प्रीमियर लीगच्या २०२०-२१च्या ३८० सामन्यांत पाहुण्या संघांनी १५३ आणि यजमानांनी १४४ सामने जिंकले. इंग्लंडच्या सर्वोच्च विभागात पाहुणे वरचढ ठरल्याची ही पहिलीच वेळ. घरच्या मैदानावर लीगचे सलग ६८ सामने न हरलेला लिव्हरपूल २०२१च्या सुरुवातीला तिथेच ओळीने सहा सामने हरला. दुखापतींचाही त्यात वाटा होता. अनेक देशांच्या आकडेवारीत सर्वांत ठळक बदल दिसला तो पंचांच्या खिशात. एरवी पाहुण्या खेळाडूंना यजमानांपेक्षा जास्त पिवळी कार्डे मिळतात. प्रेक्षक नसताना हा फरक बहुतांशी मिटला. गर्दी खेळाडूला पळवते, असा समज होता. ती पंचालाही थोडीबहुत वाकवते, याचा इतका स्वच्छ पुरावा आधी मिळाला नव्हता.

आर्थिक बाजू थोडक्यात सांगता येते. प्रीमियर लीगच्या क्लबांचे तिकीटखिडकीचे उत्पन्न साथीपूर्वी एकूण उत्पन्नाच्या साधारण आठवा हिस्सा होते. टीव्हीचा पैसा येत राहिला तर ते तग धरू शकत होते. तिसऱ्या आणि चौथ्या विभागातल्या क्लबांचे पोट मात्र फाटकावर होते. रिकाम्या मैदानात सामना भरवणे म्हणजे त्यांच्यासाठी निव्वळ खर्च. म्हणून या दोन्ही विभागांनी जून २०२०मध्ये साखळी सामने अर्धवट सोडून गुणांच्या सरासरीने हंगाम संपवला. प्रेक्षक परत आणण्याची घाई खालून वर आली, ती अशी.

सर्वांत आधी प्रेक्षक परतले ते जिथे साथ आटोक्यात होती तिथे. व्हिएतनाममध्ये तेव्हा एकूण रुग्णच काहीशे होते आणि एकही मृत्यू नव्हता; जून २०२०मध्ये तिथली लीग भरलेल्या स्टँडसमोर पुन्हा सुरू झाली. हंगेरीने दर चौथ्या खुर्चीवर माणूस बसवायची मुभा दिली. याच हंगेरीत, बुडापेस्टच्या पुश्काश अरेनात, २४ सप्टेंबर २०२० रोजी बायर्न म्युनिक आणि सेव्हिया यांच्यातला युरोपीय सुपर कप सुमारे १५ हजार प्रेक्षकांसमोर झाला. त्यासाठी जर्मनी आणि स्पेनमधून लोकांनी प्रवास करावा, ही कल्पना तेव्हाही अनेकांना अविचाराची वाटली होती. रुग्णसंख्या वाढत असताना जोखीम पाहुण्या संघांच्या गावांतून नेऊन आणायची होती.

इंग्लंडमधले गणित अधिक तपशीलवार होते, आणि त्याचा उगम जुन्या दुर्घटनांमध्ये आहे. १९७१मध्ये ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानातील जिन्यावर ६६ माणसे चेंगरून मेली. त्यानंतर १९७३मध्ये क्रीडांगणांच्या सुरक्षिततेची मार्गदर्शिका निघाली. हिरव्या वेष्टनामुळे तिला ग्रीन गाइड म्हणतात. कोणत्याही स्टँडची क्षमता तीत चार प्रकारे काढली जाते : एका तासात किती माणसे आत येतील, आत किती मावतील, सामन्यानंतर किती वेळेत बाहेर पडतील आणि संकटकाळी किती वेळेत सुटतील. या चारांतला सर्वांत लहान आकडा तोच परवान्याचा आकडा. एका फिरत्या फाटकातून तासाला जास्तीत जास्त ६६० माणसे धरावीत, असेही तीत लिहिले आहे. साथीच्या काळात क्रीडांगण सुरक्षा प्राधिकरणाने या मार्गदर्शिकेला अंतरनियमांची पुरवणी जोडली. हिशेब केल्यावर लक्षात आले, की पूर्वी अडचण असे ती आत मावण्याची किंवा बाहेर पडण्याची. आता फाटकावर ओळखपत्र, तिकीट आणि आरोग्यविषयक तपासणी आल्याने रांगच संपत नाही. दोन मीटर अंतर ठेवणारी रांग स्टेडियमच्या आवाराबाहेर जाऊन शहराच्या रस्त्यावर उभी राहते. ही पुरवणी लिहिणाऱ्यांना वाट कुठे अडते ते नेमके समजले होते. धोरण ठरवणाऱ्यांच्या बोलण्यात मात्र टक्केवारी आणि खुर्च्याच राहिल्या.

२९ ऑगस्ट २०२० रोजी ब्रायटन आणि चेल्सी यांच्यातला मैत्रीपूर्ण सामना २,५०० प्रेक्षकांसमोर चाचणी म्हणून घेण्यात आला. १ ऑक्टोबरपासून मैदाने मर्यादित उघडायची होती. रुग्ण वाढल्याने २२ सप्टेंबरला ते रद्द झाले. शेवटी २ डिसेंबरपासून भागवार पातळ्या ठरल्या : पहिल्या पातळीत ४ हजार, दुसऱ्या पातळीत २ हजार, तिसरीत कोणीच नाही. लहान मैदानांना याहून कमी. त्या संध्याकाळी ल्यूटन, चार्लटन, कार्लाइल अशा खालच्या विभागांतील मैदानांवर पुन्हा माणसे बसली. दुसऱ्या दिवशी आर्सेनलच्या ६० हजारांच्या स्टेडियमात २ हजार लोक रॅपिड व्हिएन्नाविरुद्धचा सामना पाहत होते. ६० हजारांच्या जागेत आणि त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या जागेत एकच मर्यादा लावणे शास्त्राला धरून नव्हते, पण प्रशासनाला सोपे होते. मँचेस्टर तिसऱ्या पातळीत असल्याने तिथल्या दोन क्लबांचा सामना १२ डिसेंबरला रिकाम्या ओल्ड ट्रॅफर्डवर ०-० असा संपला.

प्रेक्षक परतले की वातावरण परतते, असे सगळेच म्हणत होते. वातावरणात काय काय असते, ते ५ डिसेंबरला मिलवॉलच्या मैदानावर दिसले. वर्णद्वेषाच्या निषेधार्थ खेळाडू सामन्याआधी गुडघा टेकत. रिकाम्या मैदानात हा विधी सहा महिने शांतपणे चालला होता. २ हजार प्रेक्षक आत आले आणि त्यांच्यातल्या अनेकांनी त्याची हुर्यो उडवली. डिसेंबर संपायच्या आत विषाणूचा नवा प्रकार पसरला आणि मैदानांना पुन्हा कुलूप लागले.

या दुसऱ्या बंदीत प्रेक्षक एकदा परवानगीविना परतले. १८ एप्रिल २०२१ रोजी युरोपातील १२ श्रीमंत क्लबांनी स्वतःची वेगळी सुपर लीग जाहीर केली. २० तारखेला चेल्सीच्या शेकडो पाठीराख्यांनी स्टॅमफर्ड ब्रिजबाहेर रस्ता अडवला. संघाची बस आत जाईना, तेव्हा क्लबचा माजी गोलरक्षक पेट्र चेक लोकांची समजूत घालायला बाहेर आला. त्याच रात्री सहाही इंग्लिश क्लबांच्या माघारीला सुरुवात झाली. २ मे रोजी मँचेस्टर युनायटेडचे पाठीराखे मालकांच्या निषेधार्थ थेट ओल्ड ट्रॅफर्डच्या हिरवळीवर घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. वर्षभर ज्यांच्याविना खेळ चालू शकतो हे क्लबांनी सिद्ध केले होते, त्यांच्याविना क्लब विकता येत नाही, हे त्या दोन आठवड्यांत ठरले. याच प्रकरणातून ट्रेसी क्राउच यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी झाली आणि पुढे २०२५मध्ये इंग्लिश फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामकाचा कायदा झाला.

एप्रिल २०२१मध्येच ब्रिटिश सरकारने मोठ्या कार्यक्रमांवर संशोधन सुरू केले. वेम्बलीवर एफए कपच्या उपांत्य सामन्याला ४ हजार, लीग कपच्या अंतिम सामन्याला सुमारे ८ हजार आणि १५ मेच्या एफए कप अंतिम सामन्याला सुमारे २० हजार प्रेक्षक सोडले गेले. प्रत्येकाला रॅपिड चाचणीचा नकारात्मक निकाल दाखवावा लागे. शिवाय आधी आणि नंतर घरी पीसीआर चाचणी करायची विनंती असे. विविध कार्यक्रमांच्या पहिल्या टप्प्यात सुमारे ५८ हजार लोकांमध्ये २८ बाधित सापडले. आकडा दिलासा देणारा होता, पण दोन्ही पीसीआर नमुने परत पाठवणारे सुमारे १५ टक्केच निघाले, त्यामुळे त्यावर फार भार देता येत नव्हता. हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्रांनी अधिक उपयोगी गोष्ट सांगितली : उघड्या स्टँडमध्ये हवा चांगली खेळत होती, कोंडी होती ती आतल्या मार्गांत, स्वच्छतागृहांत आणि बंद खोल्यांत.

वर्षभर लांबलेली युरो २०२० स्पर्धा जून-जुलै २०२१मध्ये ११ शहरांत झाली. प्रेक्षकांची हमी देता न आल्याने बिल्बाओ आणि डब्लिन यांनी आपले सामने गमावले. म्युनिकने सुमारे १४ हजार, म्हणजे पाचवा हिस्सा प्रेक्षक घेतले; बुडापेस्टने मर्यादाच ठेवली नाही आणि हंगेरी-पोर्तुगाल सामना ५५ हजारांहून अधिक लोकांनी पाहिला. या स्पर्धेतून वाटेचा हिशेब सर्वांत स्वच्छ मांडला तो स्कॉटलंडच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने. ११ ते २८ जूनदरम्यान युरोशी संबंधित एखाद्या जमावात गेल्याचे सांगणारे १,९९१ बाधित त्यांनी नोंदवले. त्यांपैकी १,२९४ जण लंडनला गेले होते, पण वेम्बलीच्या आत होते केवळ ३९७. इंग्लंडविरुद्धच्या तिथल्या सामन्यासाठी स्कॉटलंडला तिकिटे मिळाली होती सुमारे २,६००. लंडनला गेलेले पाठीराखे त्याच्या कितीतरी पट होते, आणि ते रेल्वेच्या डब्यांत, पबमध्ये, चौकांत होते. ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कवर झालेल्या स्कॉटलंडच्या दोन सामन्यांना गेलेले बाधित मिळून शंभरही नव्हते. बाधितांमध्ये दर दहांतले नऊ पुरुष होते, बहुतेक तरुण. फिनलंडचा अनुभव असाच. सेंट पीटर्सबर्गहून बसने परतणाऱ्या पाठीराख्यांची सीमेवर इतकी रांग लागली, की काहीशे जणांना चाचणीविना आत सोडावे लागले; पुढच्या दिवसांत त्या प्रवाशांमधून शेकडो रुग्ण निघाले.

११ जुलैचा वेम्बलीवरचा अंतिम सामना हा या सगळ्या गणिताचा पराभव होता. ९० हजारांच्या स्टेडियमात अधिकृत उपस्थिती ६७,१७३. उरलेल्या जागा रिकाम्या आहेत, हे सर्वांना माहीत होते, तिकीट नसलेल्यांनाही. बॅरोनेस केसी यांच्या चौकशी अहवालानुसार सुमारे २ हजार लोक फाटके आणि आपत्कालीन दरवाजे फोडून आत घुसले. मर्यादित प्रेक्षकसंख्येने संसर्ग किती रोखला ते सांगणे अवघड. चेंगराचेंगरीचा धोका मात्र तिने वाढवला. नंतरच्या सरकारी अंदाजानुसार त्या दिवशी स्टेडियमात आणि आसपास २,२९५ जण बाधित स्थितीत होते आणि आणखी ३,४०४ जणांना तिथे संसर्ग झाला असावा. विम्बल्डनच्या टेनिसला त्याच सुमारास मोठी गर्दी होती. तिथे या प्रमाणात संसर्ग पसरला नाही. स्ट्रॉबेरी खाणाऱ्या गर्दीत आणि सकाळपासून बीअर पिऊन गळा फाडून ओरडणाऱ्या गर्दीत विषाणूलाही फरक कळतो.

ऑगस्ट २०२१मध्ये इंग्लंडची मैदाने पूर्ण उघडली. १३ तारखेच्या पहिल्याच सामन्यात ब्रेंटफर्डने आर्सेनलला २-० असे हरवले. ब्रेंटफर्ड १९४७नंतर प्रथमच सर्वोच्च विभागात आला होता. आपल्या जुन्या ग्रिफिन पार्कचा शेवटचा सामना त्याच्या पाठीराख्यांना जुलै २०२०मध्ये घरातून पाहावा लागला होता, आणि साथीतच उघडलेले नवे स्टेडियम त्यांनी त्या रात्री पहिल्यांदा पूर्ण भरले. इटलीत ग्रीन पास, म्हणजे लस, चाचणी किंवा बरे झाल्याचा दाखला, दाखवून निम्मे आणि नंतर तीन चतुर्थांश स्टेडियम भरू लागले. हिवाळ्यात विषाणूच्या ओमिक्रॉन या प्रकाराने पुन्हा घडी विस्कटली : नेदरलँड्स, वेल्स आणि जर्मनीत प्रेक्षक पुन्हा बाहेर गेले, स्कॉटलंडने ५००ची मर्यादा घातल्यावर तिथल्या लीगने हिवाळी सुट्टीच अलीकडे ओढली. इंग्लंडने मात्र लसीचे किंवा चाचणीचे प्रमाणपत्र पाहून मैदाने उघडी ठेवली. एवढेच नव्हे, हिल्सबरोच्या १९८९च्या दुर्घटनेनंतर वरच्या विभागांतून हद्दपार झालेले उभे राहून सामना पाहणे, कठडे लावलेल्या रांगांत, २ जानेवारी २०२२च्या चेल्सी-लिव्हरपूल सामन्यापासून चाचणीदाखल परत आले.

भारतात या कथेचे ठिकाण गोवा आहे. १४ मार्च २०२०चा इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना मडगावजवळच्या फातोर्डा स्टेडियमात प्रेक्षकांविना झाला. पुढचे दोन्ही हंगाम फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचे टिळक मैदान या तीन ठिकाणी, खेळाडूंना हॉटेलात बंद ठेवून पार पडले. मार्च २०२१मध्ये बिपिन सिंगच्या शेवटच्या मिनिटातल्या गोलने मुंबई सिटी विजेती ठरली, तेव्हा मुंबईचा एकही पाठीराखा मैदानात नव्हता. खेळाडूंना असे बंदिस्त ठेवण्याचे कवच नेहमीच टिकले असेही नाही. जानेवारी २०२२मध्ये मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात महिलांचा आशियाई करंडक रिकाम्या मैदानांवर सुरू झाला. यजमान भारताच्या संघातच संसर्ग पसरला, २३ जानेवारीला नवी मुंबईतल्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर चिनी तैपेईविरुद्धचा सामना होऊ शकला नाही आणि भारत स्पर्धेतून बाद ठरला. २० मार्च २०२२ रोजी फातोर्डाची फाटके इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यासाठी पूर्ण उघडली. केरळचे पाठीराखे कोकण रेल्वेने आणि रस्त्याने आले, पिवळ्या कपड्यांत. यजमानपदाचा पिवळा पोशाख हैदराबादकडे गेल्याने केरळ ब्लास्टर्सचा संघ काळ्यात खेळला आणि पेनल्टी शूटआउटमध्ये हरला.

कोलकात्यातल्या दोन मोठ्या क्लबांच्या लढतीला आणखी थांबावे लागले. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांची प्रेक्षकांसमोरची शेवटची लढत १९ जानेवारी २०२०ची. त्यानंतर दोन हंगामांत गोव्यात झालेल्या चारही लढती रिकाम्या मैदानात झाल्या आणि चारही मोहन बागानने जिंकल्या. २८ ऑगस्ट २०२२ रोजी डुरँड करंडकाच्या निमित्ताने दोन्ही बाजूंचे लोक सॉल्ट लेक स्टेडियमात परतले. मोहन बागान पुन्हा १-० असा जिंकला. सामन्यातला एकमेव गोल ईस्ट बंगालच्या खेळाडूकडून झालेला स्वयंगोल होता.